करवंदीच्या गाठी

तोरणमाळचा घाट जीपने चढायचा म्हटलं की हल्ली माझी कंबर आधीपासूनच दुखायला लागते. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तेवढ्यावर भागलं असतं, पण कशी दुर्बुद्धी झाली कोण जाणे, करवंदीचा अभ्यास मागे लावून घेतला. घाटाच्या पायथ्याशी करवंदीच्या जाळ्या फळांनी लगडतात. वर पठारावर तीच बारमाही हिरवी झुडपं, तीच पांढरी फुलं. ती येतात उशिरा, टिकतात जास्त दिवस, आणि फळ मात्र विरळ. थंडीने झाडच कमकुवत होतं, की पराग घेऊन येणारे किडे तिथवर पोचत नाहीत, एवढंच मला शोधायचं होतं.

म्हणून वरच्या काही फुलांना मी ब्रशने पराग लावला, काही तशीच ठेवली आणि सगळ्यांवर मलमलीच्या पिशव्या दोऱ्याने घट्ट बांधल्या. पराग लावलेल्यांना फळ धरलं, तर दोष झाडाचा नाही. सासूबाई त्यांच्या अहिराणीत म्हणायच्या, “आते बस कर बेटा, तुन्हा जीव थकी गया.” मूल व्हावं म्हणून वर्षानुवर्षं घेतलेले उपचार मी नुकतेच थांबवले होते. त्या करवंदीबद्दल बोलत होत्या की दवाखान्याबद्दल, मी विचारलं नाही. झाड निर्दोष निघावं असं मला फार वाटत होतं, एवढं खरं.

झुडपं ज्या बाईच्या बांधावर होती, तिने पहिल्याच भेटीत शाळेत शिकलेल्या मराठीत विचारलं होतं, “पोरं किती?” “नाहीत,” मी म्हणाले. तिने मान हलवली आणि मला भाकर वाढली. विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

पुढच्या खेपेला गेले, तर जाळीवर पिशव्या नाहीत. सगळ्या धुऊन, घडी घालून तिच्या ओसरीत ठेवलेल्या. अख्खा हंगाम पाण्यात गेला होता. कुठल्या फुलाला पराग मी लावला आणि कुठल्याला किड्यांनी, हे आता कळायला मार्ग नव्हता.

“एवढ्या गाठी कोण मारतं?” ती मला समजावू लागली. “आमच्यात बाई बाळंतपणात अडली की घरातल्या गाठी सोडतात. तू तर फुलणाऱ्या झाडालाच बांधून ठेवलं. मग तुला पोर कसं होणार? मी सोडल्या. आता होईल.”

रागवायलाही अंगात त्राण लागतं. ते नव्हतं.

उंचावर, काट्यांत एक पिशवी तेवढी राहिली होती. “तिथे माझा हात पोचत नाही,” ती म्हणाली. “ती तू सोड.”

एका पिशवीवरून काहीच सिद्ध होणार नव्हतं. मी टाचा उंचावून जाळीत हात घातला. चीक बोटांना चिकटला. गाठ सुटली आणि मला रडू आवरेना.

“काटा लागला,” मी म्हणाले.

तिने माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि बराच वेळ बोटांत काटा शोधत राहिली.