सत्काराला फोडलेली कौलं

समस्त खानदेशवासीयांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जळगावातला आमचा कराटे क्लास कुणा शत्रूने बुडवला नाही. तो आम्ही, त्याच क्लासच्या तपकिरी पट्टेवाल्या शिष्यांनी, हारतुरे आणि लाउडस्पीकर लावून बुडवला. कौलांची पहिली थप्पी मी फोडली. टाळ्याही मलाच जास्त पडल्या.

सर भुसावळला रेल्वेत फिटर होते. ड्यूटी संपवून गाडीने यायचे आणि बंद पडलेल्या एका कापूस-जिनिंगच्या शेडमध्ये आम्हाला शिकवायचे. दारातल्या चपला रांगेत नसल्या की उठाबशा. क्लासआधी झाडू मारायचा मान ज्याचा पट्टा सर्वांत वरचा त्याचा. काळा पट्टा एकट्या सरांचाच, त्यामुळे वर्षानुवर्षं झाडू तेच मारत होते आणि आम्ही आदराने बघत होतो.

शेडचं अर्धं छप्पर गेलेलं. जिनिंगच्या मालकांनी सरांना एकट्यात बजावलं, "पावसाळ्याआधी कौलं घाला, नाहीतर शेड सोडा." उन्हाळाभर सर पाडलेल्या घरांची मंगलोरी कौलं गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर आणत राहिले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, रविवारी येऊन ती घासायच्या. शेडमागे थप्पी वाढत होती. ती कशासाठी, हे सरांनी सांगितलं नाही. आपली अडचण शिष्यांपुढे मांडणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. आम्हीही विचारलं नाही. आमच्या लेखी कौलाचा जगात एकच उपयोग होता.

मे महिन्यात आम्ही सरांचा सत्कार ठरवला. प्रमुख पाहुणे, अर्थातच, जिनिंगचे मालक. डेमोत फोडायला सांगितलेली कौलं त्या सकाळी आलीच नाहीत.

"अरे, शेडमागे एवढी पडलीत ना!" मी म्हणालो.

"सरांना विचारू या का?" एकाने शंका काढली.

"येडा आहेस का? डेमोसाठीच जमवली असणार. आणि त्यांचाच सत्कार, त्यांनाच काय विचारायचं?"

संध्याकाळी सर स्टेजवर शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसले होते. मी आरोळी ठोकली आणि पहिली थप्पी एका फटक्यात खाली. सरांचा चेहरा आक्रसला. "गहिवरले बघ," मी शेजारच्याला कुजबुजलो आणि दुसरी थप्पी मांडायला लावली.

डेमो सुरू झाला की शेवटच्या नमस्कारापर्यंत कुणी बोलायचं नाही, गुरूनेही नाही, हा नियम सरांचाच. पहिल्या रांगेतल्या काकू ताडकन उठल्या. सरांनी नुसत्या डोळ्यांनी त्यांना खाली बसवलं. मालक मात्र खुशीत होते. "होऊन जाऊ द्या अजून एक!" ते ओरडले. आम्ही होऊन जाऊ दिलं. एकही कौल शिल्लक ठेवलं नाही.

शेवटचा नमस्कार झाल्यावर सरांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, झाडू घेतला आणि तुकडे गोळा करत म्हणाले, "छपराची होती."

नवी कौलं आणायची शपथ आम्ही तिथेच घेतली. मग पंधरा दिवस चहाच्या टपरीवर त्या कौलांवर चर्चा केली. कोण आणणार, कुठून आणणार, ट्रॅक्टर कुणाचा. चर्चा फार उत्तम चालली होती. तेवढ्यात पाऊस आला, शेडमध्ये घोट्याएवढं पाणी साचलं आणि मालकांनी शब्द पाळून कुलूप लावलं. त्यानंतर सरांनी कुठेच क्लास काढला नाही. आम्ही मात्र नोकरीच्या अर्जात त्यांच्या सर्टिफिकिटाची नक्कल जोडत राहिलो.

काही वर्षांनी मी धुळ्याला नोकरीला लागलो. तिथे जुने शिष्य भेटले, सगळ्यांना एकदम गुरूंची आठवण आली आणि त्यांच्या जीवनगौरवाचं ठरलं. आमंत्रण द्यायला मी भुसावळला सरांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "काकू, धुळ्याला सरांचा जंगी सत्कार करतोय आम्ही."

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नको रे भाऊ! घरावर पत्रा शे, तेवढा तरी राहू द्या!"