अडीच फुटांचं पाऊल

येरझारे मास्तरांना मी बसलेलं एकदाच पाहिलं. एरवी ते चालत. आम्ही तिघी मुली चटईवर आणि ते समोर, इकडून तिकडे. समीकरणाची डावी बाजू जाताना सांगत, उजवी परत येताना. वही तपासायची तीही चालता चालता. आम्ही ती वर धरून ठेवायची, आणि त्यांनी चुकीवर बोट टेकवून पुढे जायचं. येरझारे हे त्यांचं आडनाव नव्हे. नाव आम्ही ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मास्तरांची सारी नोकरी मोजणी खात्यात गेली. बाळापूरपासून भातकुलीपर्यंतची शेतं त्यांनी साखळी टाकून मोजली होती. पेन्शनीत निघाल्यावर अकोल्यात कापसाची सरकी काढायच्या एका जिनाजवळ खोली घेऊन राहिले. मोजणीदारांच्या त्या लोखंडी साखळीवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. म्हणायचे, "साखळी सरकारची. ताणली का लांबते. पाऊल माहं हाये. अडीच फूट म्हंजे अडीच फूट, उन्हाळा असो का पावसाळा."

शिकवणी आमच्या मळ्यात, विहिरीपाशी चाले. आमचा भाजीचा आणि झेंडूचा मळा गावाला लागून होता. मास्तर बोलण्याच्या भरात वाफ्यात शिरत आणि आई तिकडून ओरडे, "मास्तर, मेथी हाये ते, सडक नाही!" मास्तर वळत. पुढच्या फेरीला पुन्हा मेथीतच.

मुलींना तेव्हा बीजगणिताऐवजी गृहशास्त्र घेता येई, आणि शाळेलाही तेच सोयीचं होतं. मला गणितच हवं होतं, कारण अमरावतीच्या कॉलेजात सायन्सला जायचं होतं. शाळेत मुलींना ते शिकवणारं कोणी नव्हतं म्हणून मॅट्रिकला खाजगी बसायचं ठरलं. बाबांनी सरळ सांगितलं, "एक डाव बस. पास झाली तं धाडतो अमरावतीले. नापास झाली तं तुळशीचं लगन झाल्यावर तुहं. मंग मले बोल लावू नको." स्थळ येऊन गेलेलं होतं. मुलगा वाईट नव्हता, हीच पंचाईत होती.

मी हिशेबाला झटपट होते, पण घाईची. गणित वाचून संपायच्या आत मांडायला लागे. मास्तर दुरूनच विचारत, "क्ष कोन?"

"क्ष म्हणजे... उत्तर."

"उत्तराले नाव-गाव काही हाये का नाही? पाहुना दारात आला तं आदी नाव इचारतेस का आदी ताट वाढतेस?"

मग मी वर लिहायची: क्ष म्हणजे मोठ्या भावाचं वय. त्याशिवाय ते पुढची ओळ पाहत नसत. आणि उत्तर आलं तरी सुटका नसे. "मुळात टाकून पाय," म्हणायचे, म्हणजे उत्तर मूळ समीकरणात घालून बघ. एकदा वर्गमूळ असलेलं समीकरण होतं. दोन्ही बाजूंचे वर्ग करून मी नऊ आणि दोन अशी दोन उत्तरं काढली आणि खाली दुहेरी रेघ मारली. मुळात टाकून पाहिलं तर नऊ बसला, दोन बसेना. "वर्ग करताना मागच्या दारानं आलेला हाये तो," मास्तर म्हणाले. "दिसते घरच्यासारखा. मुळात टाकल्याबिगर उमगत नाही." त्या दिवसापासून मला कुठलंही उत्तर एकदम आवडेनासं झालं. ती खोड अजून आहे आणि घरातल्यांना तिचा त्रास होतो.

परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना त्रिकोणमिती निघाली. मास्तर आम्हाला जिनाच्या धुराड्यापाशी घेऊन गेले. लाकडी कोनमापकाला त्यांनी ओळंबा बांधला होता. ते कडेवरून धुराड्याचं टोक बघत आणि आम्ही दोरा किती अंशांवर आहे ते वाचायचं. पंचेचाळीस अंश येईपर्यंत मागे सरायचं, तिथून धुराड्यापर्यंत मास्तरांनी पावलं मोजायची. पंचेचाळीसला उंची आणि अंतर सारखंच, त्यात डोळ्यापर्यंतची पाच फूट उंची मिळवायची. चाळीस पावलं भरली. म्हणजे शंभर फूट, वर पाच.

जिनाचा मिस्त्री हसला. "मास्तर, पंच्याऐंशी हाये. पाटीवर लिहून हाये तिथं."

"कोन चुकला पोरींचा," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही एकशे पाच. मास्तर चिडले. पाटी खोटी, मिस्त्री लबाड, आमचे डोळे फुटके. धुराडं जुळल्याशिवाय पुढचं शिकवणार नाही म्हणून हटून बसले, म्हणजे चालत राहिले. इकडे वर्गसमीकरणांची शाब्दिक उदाहरणं तशीच पडून होती. मला रात्रंदिवस ती उदाहरणंच दिसत, आणि त्यांच्यामागे तुळशीचं लग्न.

चौथ्या दिवशी सकाळी झेंडू तोडताना ते माझ्या लक्षात आलं. पाटी घेऊन मांडलं. चाळीस क्ष अधिक पाच बरोबर पंच्याऐंशी. क्ष बरोबर दोन. ताळा केला, बसला. आता हे दाखवायचं कसं? माणूस मानी होता. शिकवणी सोडून गेला असता तर माझं वर्ष बुडालं असतं, आणि मला दुसरं वर्ष नव्हतं. दोन दिवस मी पाटी पालथी ठेवली. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा कोनमापक घेऊन निघाले तेव्हा पुढे केली.

"क्ष कोन?" त्यांनी चालता चालता विचारलं.

"तुमचं पाऊल, मास्तर."

बाकीच्या दोघींनी माना खाली घातल्या. मास्तर थांबले. मग वाफ्याच्या कडेनं दहा पावलं चालले, आणि बाबांचा गज मागून घेऊन स्वतः वाकून जमीन मोजली. वीस फूट. गज त्यांनी नीट भिंतीला लावून ठेवला आणि विहिरीच्या काठावर बसले. आईनं न सांगता पाणी आणलं.

"कवापासून झालं असंल?" ते म्हणाले. आम्हाला विचारत नव्हते. पाणी पिऊन ते निघून गेले.

दोन दिवस आले नाहीत. मी जुनी उदाहरणं पुन्हा पुन्हा सोडवत बसले, आणि प्रत्येक बरोबर येई याचाही राग येई. तिसऱ्या दिवशी मास्तर आले. हातात काठी होती. आल्या आल्या फेऱ्या सुरू झाल्या.

"मांडा. एका मोजणीदाराचं पाऊल पयले अडीच फूट होतं, आता दोन फूट हाये. खोलीपासून मळ्यापर्यंत त्याले बाराशे पावलं लागत. आता किती?"

"पंधराशे."

"मुळात टाकून पाय." मग परत येताना, "म्हून उशीर होते त्याले. आमी समजत होतो का रस्ता खराब झाला. चाला, वर्गसमीकरनं काढा."

खाजगी मुलींचं केंद्र अमरावतीला होतं. पेपरात मनोऱ्याचं गणित आलं, अंतर फुटांत दिलेलं. पास झाले. बाबा शब्दाला जागले. कॉलेजला निघाले त्या दिवशी मास्तर स्टेशनावर आले, पण गाडी सुटली तेव्हा माझ्या डब्याकडे पाहत नव्हते. काठी टेकत उलट दिशेनं चालले होते. बहुधा फलाट मोजत होते.

दुसऱ्या वर्षी बाबांचं कार्ड आलं, मास्तर वारले. आदल्या आठवड्यापर्यंत मेथी तुडवत होते, असं आईनं खाली लिहवून घेतलं होतं.

मी इथे अमरावतीला मुलींना गणित शिकवते. बसून शिकवणं मलाही जमत नाही. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात दहा पावलं चालते आणि टेप लावते. यंदा दोन इंच कमी भरलं. वहीत तसं लिहून ठेवलंय.