अक्काचं तिरकं बोट

जळगावच्या एमआयडीसीत माझं थ्रीडी प्रिंटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. वितळलेल्या प्लास्टिकची बारीक तार थरावर थर चढवत मशीन वस्तू उभी करतं. मी बहुतेक ठिबकच्या तोट्यांचे नमुने काढतो. केसभर फरक पडला तरी माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, आमच्या लग्नातही या माणसाचं लक्ष मुहूर्ताकडे नव्हतं, मांडवाचे खांब ओळंब्यात आहेत का तिकडे होतं. खरं आहे. एक खांब कललेलाच होता.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, धुळ्याला असते. लग्नाकार्यात मांडे करून देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत ती एवढी मोठी करायची, की चुलीवरचं उपडं खापर तिच्याखाली दिसेनासं व्हायचं. गेल्या थंडीत पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यानं तिच्या उजव्या हाताची अनामिका नेली. जखम भरली, पण मांडा नेमका त्या रिकाम्या जागी फाटू लागला. तिनं ऑर्डरी बंद केल्या. मग हळूहळू बोलणंही कमी केलं. ते मला बघवेना. तिला बोट करून द्यायचं मी ठरवलं.

तिच्या डाव्या अनामिकेचं स्कॅन घेतलं आणि कॉम्प्युटरवर आरशातल्यासारखं उलटवलं. पडद्यावरचं बोट अगदी सरळ होतं. मशीनमधून निघालं ते मधल्या पेरापासून करंगळीकडे कललेलं. मशीनचा पट्टा सैल पडला असेल म्हणून पट्टे ताणले आणि पुन्हा काढलं. पुन्हा तसंच, त्याच पेराशी, तेवढंच तिरकं. दोन्ही बोटं टेबलावर शेजारी ठेवली. अक्काचं गेलेलं बोट असंच होतं. लहानपणी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्याच्या कडीत सापडून ते तिथंच मोडलं होतं आणि तिरकं जुळलं होतं. हे मशीनला कोणी सांगितलं?

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, व्हर्नियरच्या मापावर आहे. तपासणीचा ठोकळा काढला, तो चारही बाजूंनी बरोबर. मग बोटापेक्षा उंच असा एक खांब काढला, आणि तो मात्र मध्येच कलला. मला इतकं हायसं वाटलं, की मी एकटाच हसलो. म्हणजे दोष यंत्रातच होता. तोट्या बुटक्या असतात, त्या उंचीपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून आजवर तो कळला नव्हता.

मशीनचं डोकं ज्यावरून वर सरकतं तो उभा दांडा बॅटरी घेऊन न्याहाळला. बरोबर त्या उंचीवर मागच्या बाजूला लाल चिकट खडा जमला होता. तुपात कालवलेलं कुंकू. दसऱ्याला मशीनची पूजा अक्कानंच केली होती. मशीनला कपाळ नाही, म्हणून तिनं दांड्यालाच टिळा लावला होता, अनामिकेनं. तेव्हा बोट होतं. त्या खड्यावर तिच्या बोटाच्या रेषा अजून दिसत होत्या. त्यांच्यावरून स्पिरिटचा बोळा फिरवला. तिच्या त्या बोटाचं जगात एवढंच उरलं होतं आणि तेही मी पुसत होतो.

पुसल्यावर खांब काढला. ओळंब्यात. तोट्या काढल्या, सगळ्या मापात.

मग अक्काचं बोट काढलं. ते तिरकंच आलं.

फाइल तपासली, सरळ होती. लगेच दुसरा खांब काढला, तोही सरळ. माझ्याकडे आणखी काही तपासायचं उरलं नव्हतं. मी घाबरलो होतो, हे लिहायला आता लाज वाटत नाही. तेच बोट खिशात घालून धुळ्याची एसटी पकडली. पारोळ्यापर्यंत खिशाला हात लावला नाही.

अक्काला मी या तिरकेपणाचं काहीच सांगितलं नव्हतं. तिनं बोट हातात घेतलं, वळवून पाहिलं आणि चढवलं. ते चपखल बसलं.

"हाई मनंच बोट शे," आपलंच बोट ओळखल्यासारखी एवढंच म्हणाली.

तिनं चूल पेटवली, खापर ठेवलं. पोळी हातांवर फिरू लागली, मोठी होत गेली, पलीकडची भिंत तिच्यातून धूसर दिसू लागली. मी श्वास धरून बसलो होतो. मांडा फाटला नाही. अक्का कितीतरी दिवसांनी हसली. हसता हसता तिनं त्या प्लास्टिकच्या बोटाचं मधलं पेर चोळलं.

"काय झालं?"

"काही नही रे भाऊ. कडी लागनी व्हती ना, तठे ठणकस."

निघताना तिनं मला ओवाळलं. देवघरातल्या करंड्यातलं कुंकू त्याच बोटावर घेऊन माझ्या कपाळी लावलं. प्लास्टिक होतं, थंड लागायला हवं होतं. लागलं नाही. ती इतका वेळ चुलीपाशी बसली होती, म्हणून असेल.