मागे घेतलेलं पुस्तक
कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांचा वास आला की आमच्या मराठी मंडळाची गणपतीआधीची ती सभा आठवते. हिंदूंच्या इतिहासावरचं एक संशोधनपर पुस्तक वाद पेटल्यावर प्रकाशकाने मागे घेतलं होतं आणि त्याची प्रत आमच्या ग्रंथालयात निघाली. "हे आणलं कोणी?" अध्यक्ष कडाडले. ज्याच्या हट्टापायी मी ते आणलं, तो माझा जिवलग मित्र चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "ह्याने! आम्हाला बुवा आरत्यांचं पुस्तक पुरतं." सगळे हसले. त्या दग्यानंतर मी त्याच्याशी कधी बोललो नाही. पण आज लिहूनच टाकतो: त्याच सभेत, नडणाऱ्या प्रकरणाची पानं खळीने चिकटवून टाकू का, असं कोणी न सुचवता मीच विचारलं होतं, आणि तेव्हा "नको रे" म्हणणारा एकटा तोच होता.