बारा खाटांचा मास्तर

त्र्याऐंशी सालच्या जानेवारीत मी बार्शी सोडली. एस.टी. स्टँडवर आई पुन्हापुन्हा "थंडीत कान झाकत जा" एवढंच म्हणत होती. बाबा शाळामास्तर, एरवी कमी बोलणारे. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "नवऱ्यामागं चाललेय असं कुणाला सांगू नकोस. डॉक्टर आहे, म्हणावं."

व्हिसावर मात्र तसं लिहिलेलं नव्हतं. सुहास अमेरिकेत ॲन आर्बरला इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करत होता आणि मी त्याची डिपेंडंट. सोलापुरात एमबीबीएस झालेली मी इथं एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये पोळ्या लाटत बसले होते, आणि बाहेर गुडघाभर बर्फ. परदेशी डॉक्टरांसाठीची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली. मग रेसिडेन्सीसाठी, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या जागेसाठी, ॲप्लाय केलं. उत्तरं यायची, सगळी अगदी सभ्य, आणि सगळी नकाराची. तुम्हा बार्शीच्या मंडळींना पत्रात मी लिहायचे, 'इथं सगळं छान, लवकरच काम सुरू होईल.' आज कबूल करते, ते खोटं होतं. माझ्याआधी नि नंतर जे इथं आले, त्यांना हे सांगायला नको. त्यांनीही तशीच पत्रं लिहिली असतील.

दुसऱ्या हिवाळ्यात सुहास म्हणाला, "घरात बसून वेडी होशील यार. लायब्ररीत व्हॉलंटियर तरी कर."

मेडिकल लायब्ररीत जुन्या पुस्तकांची एक वेगळी खोली होती. तिथं रोज दुपारी डॉ. कार्लसन यायचे. ऐंशी ओलांडलेले, जन्मभर मेडिसिन शिकवून रिटायर झालेले. मोतीबिंदूमुळं अक्षरं दिसेनाशी झाली होती. त्यांना अठराव्या शतकातल्या एका डच डॉक्टरवर लेख लिहायचा होता, आणि त्याचं चरित्र मोठ्यानं वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. ते काम माझ्याकडं आलं. माझे उच्चार ऐकून पहिल्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "सावकाश वाच. तो मरून खूप वर्षं झाली, त्याला घाई नाही."

सुरुवातीला मी नुसती वाचत होते. मग त्या माणसानं मला धरून ठेवलं. खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा. लहानपणी आई गेली, मिसरूड फुटायच्या वयात वडील गेले. पायाला चिघळलेली जखम, डॉक्टर थकले, तेव्हा त्यानं स्वतःच धडपडून ती बरी केली. व्हायचं होतं त्याला पाद्री. पण कुणीतरी कंडी पिकवली की हा पाखंडी आहे, आणि तो रस्ता बंद झाला. म्हणून तो वैद्यकीकडं वळला. एकाच विद्यापीठात वैद्यक, वनस्पती आणि रसायन, तिन्ही शिकवू लागला. त्याच्या हाती रुग्णालयातल्या फक्त बारा खाटा होत्या. सहा बायकांच्या, सहा पुरुषांच्या. त्या काळी वैद्यकी बहुतेक पुस्तकातूनच शिकत. हा विद्यार्थ्यांना खाटेपाशी नेई. रोग्याला विचारा, बघा, हात लावा, आणि मग बोला. ही रीत त्याच्याआधीही कुणी कुणी वापरली होती, पण जगभर गेली ती त्याच्यामुळं. साऱ्या युरोपातून पोरं त्याच्याकडं येत. तो स्वतः मात्र आपला मुलूख सोडून फारसा कुठं गेला नाही.

सोलापूरला आमचे इनामदार सर हेच करत. आम्ही केसपेपर उघडला की तो मिटून म्हणत, "पेपर पळून जात नाही. आधी स्टूल ओढ, पेशंटजवळ बस."

मार्च महिन्यात माझ्या लक्षात आलं की डॉ. कार्लसन जिन्यात मध्येच थांबतात. बुटांच्या नाड्या सैल सोडलेल्या असतात. एका दुपारी सहज बोलल्यासारखं ते म्हणाले की हल्ली खुर्चीतच झोपतो, आडवं झालं की श्वास कोंडतो. मी पुस्तकातून मान वर केली. त्यांच्या मानेतली शीर फुगलेली दिसत होती.

मला लायसन्स नव्हतं. व्हिसावर कामाची परवानगी नव्हती. आणि समोरच्या माणसानं माझ्या वयाहून जास्त वर्षं डॉक्टर घडवले होते. तरी मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"सर, बूट काढा."

"हे वाचनालय आहे."

"माहीत आहे. काढा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि वाकायला गेले, पण धाप लागली. मीच बूट काढले, मोजा खाली केला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलल्यावर सुजेत खळगा तसाच राहिला. त्यांनाही तो बोटानं लागला.

"म्हातारपण आहे," ते म्हणाले.

"नाही सर. हार्ट आहे. आणि हे तुम्हाला माझ्याआधी कळलंय."

मग त्यांनी फोन मागितला. त्याच संध्याकाळी ते ॲडमिट झाले.

चौथ्या दिवशी मी भेटायला गेले. श्वास मोकळा झाला होता, पायांची सूज उतरली होती. राउंडवरची मंडळी दाराशी उभी राहून रिपोर्ट वाचत होती. डॉ. कार्लसननी त्यांच्यातल्या मोठ्या डॉक्टरला हाक मारली आणि माझ्याकडं बोट केलं. "हिनं माझं निदान लायब्ररीत केलं. अंगठ्यानं." मग मला विचारलं, "हू टॉट यू दॅट?"

मी इनामदार सरांबद्दल सांगितलं. ते उठून बसले. म्हणाले, त्या डच माणसाचे विद्यार्थी एडिंबराला गेले, तिथं त्यांनी तसंच शिकवलं. तिथून शिकलेले काही अमेरिकेत आले, काही जहाजानं तुमच्या देशात गेले. "त्या बारा खाटा माझ्यापर्यंत एका रस्त्यानं आल्या, तुझ्यापर्यंत दुसऱ्या."

अडीचशे वर्षं कुणीतरी कुणालातरी खाटेशी बसवत आलं होतं. त्यांची भाषा एक नव्हती, धर्म एक नव्हता, मध्ये समुद्र होते, आणि ती बैठक सोलापूरच्या सरकारी वॉर्डातल्या लोखंडी स्टुलापर्यंत पोचली होती. मी स्वतःला इथं उपरी समजत होते. तिथं उभी असताना ते क्षणभर खरं वाटेना.

डॉ. कार्लसननी माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिलं. पुढच्या वर्षी सुहासला नोकरी लागली, व्हिसाचं मार्गी लागलं आणि मला रेसिडेन्सी मिळाली. मी इनामदार सरांना पाच पानी पत्र पाठवून त्या डच डॉक्टरची सगळी हकिगत कळवली. त्यांचं उत्तर चार ओळींचं होतं. 'हे गृहस्थ मला ठाऊक नाहीत. मला आमच्या सरांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या सरांनी. वाचून बरं वाटलं. तू कुणाला शिकवतेस?'

त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला आणखी एक वर्ष गेलं. मी सीनियर रेसिडेंट झाले होते. मोटार कारखान्यातून रिटायर झालेले एक गृहस्थ तिसऱ्यांदा ॲडमिट झाले होते आणि माझी इंटर्न, एक उंच, हुशार मुलगी, दाराशी उभी राहून मला त्यांचे आकडे सांगत होती. मी तिच्या हातातली फाईल घेतली आणि खुर्ची पुढं केली. "बस. त्यांना विचार, घरी दिवस कसा जातो." ती अवघडून बसली. वीस मिनिटांनी ते म्हणाले की बोटं वाकडी झाल्यामुळं गोळ्यांच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, आणि हे सांगायची लाज वाटते. इंटर्ननं माझ्याकडं वळून बघितलं. तिचे डोळे मोठे झाले होते.

तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता, घरी कधी येणार? इतकी वर्षं 'घरी' म्हणजे बार्शी, यात मलाही शंका नव्हती. इथल्या जागेला मी अपार्टमेंटच म्हणायचे. त्या संध्याकाळी हॉस्पिटलमधून सुहासला फोन केला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुकर लाव. मी घरी येतेय."