बिनदिव्याच्या गावाला जाऊन आले

सगळ्यांत आधी टपकली ती शेजारची कोंडाबाई. पुण्याचे पाहुणे अजून बैलगाडीतून उतरत होते, तोवर ही परातीत पीठ घेऊन हजर. म्हणे, "चाळण द्या जरा." पीठ चाळलेलंच होतं, मी बघितलं ना. पाहुणे म्हणजे एक गुरुजी आणि त्यांच्याबरोबर लीलाताई नावाच्या शिकलेल्या बाई. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या जुन्या गावांच्या आठवणी गोळा करायच्या, त्यांचं पुस्तक छापायचं आणि शाळाशाळांत वाटायचं, असं त्यांचं काम. पणदऱ्यात ते माझ्याकडं आले, कारण माझं माहेर पिंपळवेढं, इंदापूरच्या पलीकडं, भीमेच्या अंगाला. त्या गावचं दुसरं माणूस त्यांना कुठंच सापडलं नव्हतं.

"सरकारी दप्तरात पिंपळवेढं बेचिराख आहे," गुरुजी म्हणाले.

मला रागच आला. "आमचं गाव कुणी जाळलं न्हाय. पलेगात निम्मी माणसं गेली, ऱ्हायलेली उठून गेली. राख कुठनं आली?"

गुरुजी हसले नाहीत, ते मला आवडलं. म्हणाले, "राखेचा शब्द नाही हा, आजी. चिराग म्हणजे दिवा. जिथं सांजेला एकही दिवा लागत नाही, ते बेचिराख."

"मग सरळ बिनदिव्याचं म्हना की," कोंडाबाई मधेच म्हणाली.

गुरुजींचं म्हणणं असं, की सांगणारं माणूस मिळालं नाही तर पुस्तकात गावाचं नाव आणि पुढं हा एक शब्द, एवढंच छापायचं. एवढंच! मी म्हटलं, तुमच्याबरोबर गावाला येते.

मुलगा म्हणाला, "आये, तुला काय आठवनार? केवढीशी व्हतीस." खरं होतं. तापानं फणफणलेली असताना आईनं मला लुगड्यात गुंडाळून पणदऱ्याला मामाकडं आणलं, ती मी इथलीच झाले. आणि आई मरेपर्यंत म्हणायची, तिकडं पाऊल टाकायचं न्हाय. का, ते काही सांगायची नाही.

तर निघालो. बारामतीपर्यंत आमचीच गाडी. माळेगावाकडनं कालव्याच्या कडेनं जाताना ऊस असा दाट, की वारासुद्धा वाट काढत येतो. बारामतीला मोटार मिळते. तुम्हाला जायचं असेल तर पुढं बसू नका, इंजिन तापतं आणि पायाला चटके बसतात. मी हौसेनं पुढं बसले होते, पण उठले नाही, कारण खिडकी माझी होती. कालवा मागं पडला की हिरवं संपतं, नुसतं माळरान. लीलाताईंना ते उदास वाटलं. मला वाटलं, कुणीतरी पदर झटकून ठेवलाय. इंदापुरात धर्मशाळा बरी आहे, अंथरूण आपलं न्या. तिथली गुडीशेव फार चांगली, मी नातवंडांसाठी बांधून घेतली आणि वाटेत निम्मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी इंदापुरातून भाड्याची बैलगाडी केली. गाडीवाला घासाघीस फार करतो. पाणी बरोबर घ्या, पुढं विहीर नाही. उन्हं चढता चढता पांढरी दिसली. मोडलेल्या गावाची माती पांढरी पडते, म्हणून पांढरी. गाडीवान ओढ्याअलीकडंच थांबला.

"का हो?" लीलाताईंनी विचारलं.

"बैल जात न्हाईत तिकडं."

बैल तर निवांत रवंथ करत उभे होते. आम्ही पायीच गेलो.

ऐन दुपार, आणि चिमणीचा आवाज नाही. भिंती खचून ढिगारे झालेले, मधे एक फुटकं जातं. पण बाई, गल्ल्या झाडलेल्या! मातीवर खराट्याचे ताजे फराटे. आणि प्रत्येक घराच्या उंबऱ्याच्या दगडावर एक पणती, काजळीनं काळी. लीलाताईंनी माझा हात धरला तो सोडला नाही.

गुरुजी लिहायला बसले. म्हणाले, "आजी, घरं सांगा."

मला एकदम आठवायला लागलं. "हे रावजी तेल्याचं."

"ओ," कुणीतरी म्हणालं. जाड, घोगरा आवाज.

गुरुजी म्हणाले, आवाज घुमला असेल. मी पुढं म्हटलं, "ही यसू कुंभारीण."

"ओ." या वेळी बाईचा, नाकातून.

आता घुमलेला आवाज आपलं बोललेलंच परत देतो, ओ देत नाही, एवढं मलाही कळतं. तेवढ्यात ढिगाऱ्यामागून एक म्हातारी आली, हातात शिंदीचा खराटा. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल.

"नाव घेतलं की कुनीतरी ओ द्यायला नको व्हय?" ती म्हणाली. "ओ न्हाय आली की मानूस गेलंच."

ती यसू कुंभारणीची लेक भागी. माझ्या लक्षात आलं, पण मी कोण ते सांगितलं नाही. ओढ्यापलीकडं धनगरांच्या वस्तीवर ती राहते. रोज येते, झाडते, सांजेला पणत्या लावते, एकेकाचं नाव घेऊन हाक मारते, आणि ज्याच्या त्याच्या आवाजात ओही तीच देते.

मला काय वाटलं कुणास ठाऊक. मी हळूच म्हटलं, "आन् सुताराची ठकी?" लग्नाआधीचं माझं नाव ते. नवऱ्यानं बदललं, मग कुणी घेतलंच नाही.

भागीनं तोंड वर केलं. "ओऽ," बारीक, लांबवलेला, लाडात आलेल्या पोरीचा.

तो माझा आवाज होता. माझी नात अगदी तशीच ओ देते.

"गाठीच्या तापात गेली ती," भागी सांगत होती. "साहेबाची मानसं आजारी पोरं पलेगाच्या छावनीत उचलून न्यायची. ठकी गेली, पुरली बी, असं तिच्या आयनंच समद्यांना सांगितलं."

म्हणजे आईनं मला लपवायला मारून टाकली होती! खाली बसले मी. "भागे, मीच ठकी."

ती जवळ आली, माझा चेहरा चाचपला. रडली नाही, हसली नाही. म्हणाली, "इतकी वरसं तुझ्या नावाचं त्याल जाळलं की गं."

"मग आता?"

"आता तुझी ओ तू द्यायची. माझा घसा ऱ्हायला न्हाय." आणि तिथंच तिनं हाक मारली, "ठके!"

ओ दिली तर जिवंतांत राहते की पांढरीतल्यांत जाते, कळेना. भागी थांबली, मग खराटा उचलून निघून गेली.

गुरुजींनी वहीतला 'बेचिराख' हा शब्द खोडला. वर लिहिलं, 'दिवा लागतो.' मला वाचून दाखवलं, मीही अक्षरं लावून वाचलं.

ऊन उतरल्यावर ओढा ओलांडून गाडीत बसलो. गाडी हलतेय तर मागून हाका सुरू झाल्या. रावजी, आणि घोगरी ओ. यसू, आणि नाकातली ओ. मग "ठके!" आणि पुढं काहीच नाही. ती वाट बघत होती. सगळं माळरान वाट बघत होतं.

मी गाडीत उभी राहून जीव खाऊन ओरडले, "ओऽ!"

गाडीवानाच्या हातातून कासरा सुटला. मागं थोडं थांबून पुढचं नाव आलं.

घरी सगळ्यांना सांगितलं, मी इतकी वर्षं मेलेली होते. सून म्हणते, असलं बोलू नका. मला तर सारखं हसू येतं, आणि आईची आठवण झाली की येत नाही. भागीनंतर बाकीच्यांची ओ कुणी द्यायची, हा घोर मात्र लागलाय. म्हणून मी रोज दळताना एकेक आवाज काढून बघते. रावजीचा जमतो, यसूचा अजून नाही. भागीकडून सगळी नावं उतरवून घ्यायला मला परत न्यायचं ठरलंय. गुरुजी आणि लीलाताई येत्या बुधवारी येतो म्हणालेत.