पन्नाशी ओलांडलेले मास्तर

मास्तरांच्या घरात पुरुष पन्नाशी पाहत नसत. वडील जिना चढता चढता गेले, थोरला भाऊ भरल्या ताटावरून उठलाच नाही. दोघांच्याही टाचेमागची शीर जाड, गाठाळ होती आणि मास्तरांचीही तशीच. मास्तर गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायचे. आयुष्यही त्यांनी तोकडंच बेतलं.

काजं-बटणं करणारी एक बाई जेवणाचा डबा घेऊन त्यांच्याच टेबलाशी येई. एकदा तिने सरळ विचारलं, "पुढचं काय ठरवलंय?"

"आमच्यात पुढचं ठरवत नाहीत," मास्तर म्हणाले. "तुम्हाला विधवा करायला कशाला घरी आणू?"

"ते माझं मी बघीन ना."

मास्तर कात्री चालवत राहिले. तिने बरीच वाट पाहिली, मग दुसऱ्या गावच्या माणसाशी लग्न करून गेली.

पुढे छातीत कळ आली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी टाचा पाहिल्या, मग रक्त. दुखणं घराण्यातून आलेलं, जन्माचं होतं; रक्तात आणि टाचांच्या शिरांत कोलेस्टेरॉल साठवणारं, गोळ्यांना दाद न देणारं. "यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून घेत असतं," त्या म्हणाल्या, "पण एक प्रथिन त्याचे हातच मोडतं. या इंजेक्शनमधल्या अँटिबॉडी त्या प्रथिनालाच धरून ठेवतात. यकृत पुन्हा कामाला लागतं, आणि रक्तवाहिन्या तुंबण्याचा धोका कमी होतो."

नर्सने मांडीत सुई कशी टोचायची ते शिकवलं. "घरी मदतीला कोण आहे?"

"मी आहे की."

दर पंधरवड्याला फ्रिजमधून काढलेलं इंजेक्शन गार राहू नये म्हणून मास्तर ते टेबलावर ठेवून समोर बसत. तेवढा वेळ कुणी पाहुणं आल्यासारखं वाटे.

पन्नाशी आली आणि गेलीही. "ठणठणीत आहात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता म्हातारपणाची सोय बघा."

ही बातमी सांगायची कुणाला? मास्तर वहिनींकडे गेले. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं. "ह्यांच्या वेळी हे नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

"पोरीचं रक्त तपासून घ्या, वहिनी. मुलींनाही येतं हे."

"तुमच्या घराण्याचं लचांड माझ्या पोरीच्या मागे लावू नका."

आयुष्यभर मागे सरणारा माणूस या वेळी मात्र हटला नाही. चार वेळा दारातून परत आला, तरी पाचव्यांदा गेला. अखेर पुतणीच चपला घालून निघाली, "चला काका." तिच्यातही ते उतरलं होतं. पण वेळेवर सापडलं, उपचार सुरू झाले. त्या दिवशी वहिनी मास्तरांना जेवून जा म्हणाल्या.

नंतर एकदा बसची वाट पाहताना पुतणीने विचारलं, "तुम्हाला भीती वाटायची?"

"वाटायची. पण त्या भीतीमुळे सगळं ठरलेलं असायचं."

"आणि आता?"

"आता संध्याकाळ फार लांबते."

तेवढ्यात बस आली. पोचल्यावर फोन करते, म्हणून ती चढली. मास्तर चालत घरी आले, सकाळची भाजी गरम केली आणि ओट्याशी उभ्याउभ्याच जेवले.